तिसरा कौल

ढमाले गुरुजी कोणतीही गोष्ट तीनदा विचारत. रिहे गावच्या शाळेत मी पुण्याहून नवा मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हणालो. पुन्हा विचारला, पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा चिडूनच हो म्हणालो, तेव्हा ते समाधानाने हसले. "त्याचं काय हाय पुणेकर, तीनदा विचारल्याबिगर नकार धरायचा न्हाई."

शाळेमागच्या खोलीत ते एकटेच राहत. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. धरणाने त्यांचं गाव बुडवलं तेव्हा ते लहान होते. त्या धरणाविरुद्धची पत्रकं माझ्या वडिलांनी साठवली होती आणि मी ती वाचतच वाढलो. त्यामुळे गुरुजी मला माणूस कमी आणि पुरावा जास्त वाटत. मी जमिनीचं विचारी, ते गावदेवीचं सांगत.

गाव उठलं त्या दिवशी देवीला बरोबर न्यायचं होतं. रीतीप्रमाणे कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

"तिला तीनदा विचारायची रीत," गुरुजी सांगत. "पन गाड्या जुंपल्या हुत्या, शिपाई वरडत हुता. आमी एकदाच विचारलं आन् निघालो. ती तितंच हाय, पान्याखाली. एकलीच."

यावरच त्यांनी मुलांसाठी गोष्ट लिहिली. पुण्याच्या एका मासिकाला दिवाळी अंकासाठी निर्वासित मुलांच्या गोष्टी हव्या होत्या, फाळणीच्या, अर्थात. "आमीबी निर्वासितच की," गुरुजी म्हणाले. "सरहद्द न्हाई, डोंगर वलांडला येवढंच." बुडालेलं गाव निदान छापील कागदावर तरी उरावं, एवढीच त्यांची इच्छा. गोष्टीतली चिमी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर देवळापाशी जाते आणि दुसऱ्यांदा कौल लावते. डावी कळी पडते. "मी परत येईन," म्हणून चिमी माघारी फिरते. गोष्ट तिथेच संपे.

संपादकांचा निरोप आला: शेवटी देवी चिमीबरोबर येते असं दाखवा, लगेच छापतो. मी दुसऱ्या टोकाला. "गुरुजी, देवी काढूनच टाका. पोरांना देवाच्या नादी कशाला लावता? हक्क मागायला शिकवा. गाव कुणी बुडवलं ते लिहा!"

गुरुजींनी आधी संपादकांचा समाचार घेतला. "तिची मर्जी नसताना आनायची? मग आमाला उठवनाऱ्यांत आन् माज्यात फरक काय?" मग माझ्याकडे वळले. "आन् तुमी तर तिला गोष्टीतनंबी उठवायला निघालाय, पुणेकर."

मी जगाशी भांडणारा माणूस. त्या दिवशी मात्र गोष्ट होती तशीच पाकिटात घातली. गोष्ट छापली गेली नाही.

"तुम्ही स्वतः कधी गेलात का परत विचारायला?" मी एकदा म्हटलं.

"गेलो हुतो. बायकू गेली त्या साली. डावीच पडली."

पुढे एका उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. पाणी पार उतरलं होतं. देवळाचा माथा दिसतोय, असं लोक सांगत होते. मी देव मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी बैलगाडी ठरवून आलो.

"गुरुजी, चला. तिसऱ्यांदा विचारून येऊ."

"न्हाई."

"गाडी दारात उभी आहे. चला ना."

"न्हाई."

मी पुन्हा तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. "आता विचारू नगा. तिसऱ्यांदाबी डावीच पडली, तर मग मी कुनाची वाट बगू?"

गाडी रिकामी परत गेली. पावसाच्या आतच गुरुजी गेले.

चिमीची गोष्ट मी अजून वर्गात सांगतो. देवी काढत नाही, आणतही नाही.

"मग आली का वो देवी, गुरुजी?" पोरं आता मला विचारतात.

"अजून तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय," मी म्हणतो आणि पाट्या काढायला सांगतो.