आईच्या नावाची फाइल

आमच्या विक्रोळीच्या चाळीचा पुनर्विकास निघाला तेव्हा बिल्डरने वेबसाइट काढली. नव्या घराचे नकाशे तिथेच आणि संमतीचं बटणही तिथेच. एकदा दाबलं की माघार नाही. खोली आईच्या नावावर, पण साइटवर तिचं खातं उघडताना मोबाइल नंबर मी माझा दिला होता. वडिलांनी जन्मभर चळवळीची पत्रकं वाटली, मी त्यांच्या घड्या घालत मोठी झाले. बिल्डरच्या बटणापाशी मी आईला एकटी सोडणार नव्हते.

एका संध्याकाळी खातं उघडलं, तर वर लिहिलेलं: मागचा प्रवेश आज दुपारी. माझ्या फोनवर ओटीपी आलाच नव्हता. मग आत गेलं कोण? पहिला संशय बिल्डरवर, दुसरा चाळ कमिटीवर, तिसरा नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यावर, कारण खातं त्याच्याच दुकानात उघडलं होतं. तो जवळ, म्हणून आधी त्यालाच गाठलं.

त्याने काहीच लपवलं नाही. उलट कौतुकाने दाखवलं. एकदा ओटीपी टाकून आत गेलं की साइट ओळखीची एक खूण पाठवते, तिला कुकी म्हणतात. त्याच्याकडचा छोटा प्रोग्रॅम ती खूण फाइलमध्ये ठेवायचा आणि पुढच्या वेळी साइटला तीच दाखवायचा. मग साइट ओटीपी मागत नसे. फोल्डरमध्ये खोली नंबरांच्या फायली होत्या. अर्धी चाळ तिथे होती.

"म्हणजे ही फाइल ज्याच्याकडे, तो माझी आई?"

"तसं बघितलं तर मी अर्ध्या चाळीची आई झालो ना, ताई!"

"हसू नका. उद्या कुणी पेनड्राइव्हवर नेली तर? उडवा ती."

"उडवतो. पण आधी घरी आईला विचारा. मावशीच म्हणाल्या, सेव्ह करून ठेव."

मी तावातावाने घरी आले.

"तू सांगितलंस त्याला?"

"सांगितलं. तुझ्याकडे ओटीपी मागितला की आधी भाषण, मग नंबर. स्वयंपाकघराला खिडकी कुठे देतायत, एवढंच बघायला जाते गो मी दुपारची त्याच्याकडे."

"आणि संमती? दिलीस?"

"नाही अजून. द्यायची झाली तर तुला सांगून देईन. विचारून नाही."

"मग खात्याला नंबरही तुझाच टाकू, पण ती फाइल उडवायची," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात गेलो. नुसती फाइल उडवून भागत नाही, कुठे कॉपी असली तर ती चालतच राहते. म्हणून आधी साइटवर सगळीकडून लॉग-आउट केलं, मग फाइल उडवायला लावली. कॉपी नाही, असं तो शपथेवर म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही.

मग खात्याचा नंबर बदलायला घेतला. माझ्या फोनवर शेवटचा ओटीपी आला, तो मी मोठ्याने वाचून दाखवला. पुढचा आईच्या फोनवर आला. मी वाकून बघायला लागले.

"तू तिकडे बघ," आई म्हणाली आणि फोन पदराआड धरून एकेक आकडा टाकू लागली.