सांगलीला नेलेला थरथरता चिमटा

प्रवासवर्णन लिहावं एवढं माझं वाचन नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि प्रवास तरी केवढा, साताऱ्याहून सांगलीपर्यंत. तेव्हा या धाडसाबद्दल आधीच माफी मागतो.

सकाळच्या एसटीत बसलो, तेव्हा पिशवीत मी बनवलेला लांब दांड्याचा चिमटा होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जनचा हात पोटात जात नाही, त्यामुळे आतलं मऊ काय, कठीण काय, ते बोटांना नीट कळत नाही. माझ्या चिमट्याच्या टोकाला कठीण काही लागलं की मूठ थरथरते. गाईड सर म्हणाले होते, "खेळणं आहे हे, विषय बदला." सर्जनची चिठ्ठी आणली, तरच ते प्रकल्प समितीपुढे ठेवणार होते. गटातले बाकी तिघे विषय बदलायला तयार होते, मी बदलणार नव्हतो.

कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रांगू लागली. शेजारी बसलेले निवृत्त सुभेदार माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघत होते.

"काय हाय रं ह्यात?"

"काळीज."

"कुणाचं?"

"बकऱ्याचं. आत हरभरे दडवलेत. डॉक्टरांनी ते चिमट्यानं शोधायचे."

"आरं गड्या, मग कांदा-मसाला कुठं इसरलास?"

मागच्या बाकापर्यंत हसू पसरलं. मीही हसलो, पण डबा घट्ट धरला.

सांगलीच्या ज्या डॉक्टर मॅडमनी आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन केलं होतं, त्यांच्याकडेच मी निघालो होतो. खाली दवाखाना, वर घर. मॅडमनी वर बोलावलं. स्वयंपाकघराच्या दारात डबा उघडला आणि त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी कडाडल्या, "भाईर ने आदी त्ये! जैनाचं घर हाय, कळतं का न्हाई?"

विचारायचं मला सुचलंच नव्हतं. "पण मॅडम तर रोज माणसं कापतात," मी चाचरत म्हणालो.

"कापत्यात. शिजवत न्हाईत."

मग त्याच मावशींनी खूप मऊ कणीक मळून दिली. मी चार हरभरे खुपसले. मॅडमनी डोळे मिटून चिमटा फिरवला. तीन सापडले. चौथ्यावरून टोक दोनदा गेलं, पण मूठ गप्पच.

"घडलं तेच लिहीन मी," मॅडम म्हणाल्या. "तीन सापडले, एक हुकला."

"तसंच लिहा. का हुकला, तेच मला शोधायचंय."

परतताना वाटलं, मोठी माणसं नको म्हणाली की मान खाली घालायची, हेच आम्ही घरी शिकलो. माझी मान त्या दिवशी सरळ होती. सरांनी चिठ्ठी वाचून विचारलं, "हुकल्याचं स्वतःहून दाखवतोस?"

"हो, सर."

आठ दिवसांनी बातमी आली. विषय मंजूर झाला होता. गटातल्या बाकी तिघांनी मात्र नावं काढून घेतली होती.