मावशीची हजेरी

कामठीच्या आमच्या जुन्या गल्लीत जिवंत कोण आणि मेलेलं कोण, हे यमाच्या आधी माझ्या मावशीला कळतं. यम एखादे वेळी ऐकेल, ती ऐकत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे तिचा साधा बोलण्याचा आवाजही चौकापर्यंत जातो. मतदारयादी आली की गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून ती एकेक नाव पुकारते. ज्याचं त्यानं 'आहे' म्हणायचं, मेलेल्याचं घरच्यांनी 'गेले' म्हणायचं, लग्न झालेलीचं 'सासरी'. शेजाऱ्यानं सांगितलेलं चालत नाही. तेरवीला गेली तर आधी डोळे पुसते आणि त्याच पदरानं हात पुसून मृत्यूचा दाखला मागते. लग्नात नवरीला पाकिटाऐवजी पत्ता बदलण्याचा अर्ज देते. एका नवरीनं वरात थांबवून सही केलेली मी पाहिली आहे.

माझं नावही तिनंच कापलं. जुन्या मोटारसायकली घेत-विकत, निव्वळ जिभेच्या जोरावर मी शहरात, मनीषनगरात घर घेतलं. बायकोनं तिकडचा अर्ज वेळेत भरला. मी म्हटलं, कामठीत नाव आहेच. मावशीनं त्या नावावर स्वतःच्या हातानं हरकत टाकली. मतदानाच्या दिवशी बायको शाईचं बोट मिरवत आली, मी कोरडं बोट खिशात घालून. सख्ख्या भाच्याशी असं वागतात? तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

पुढची यादी आली. हरकतींच्या शेवटच्या दिवशी सकाळी अखेरचं वाचन होतं. आई अजून कामठीतच राहते, तिला घेऊन गेलो. गाडी घेताना चेसिसचा नंबर तपासायची सवय, म्हणून यादीच्या दुसऱ्या प्रतीवर बोट फिरवत होतो. मावशीच्या घराच्या नंबरापुढे कोणीच नव्हतं. तिचा नवरा, आमचे काका, वारले तेव्हा त्यांचं नाव काढायचा अर्ज तिनंच भरला होता. त्यांच्याबरोबर कोणीतरी तिचंही उडवलं होतं. तिला याचा पत्ताच नव्हता. आपल्या घराचा नंबर आला की पाण्याचा घोट घेऊन ती पुढे जायची. स्वतःची हजेरी काय घ्यायची?

मी गप्प राहिलो. असा माल हाती आला की आधी समोरच्याला वाकू द्यायचं, हा आमच्या धंद्याचा धर्म. नाव परत घालायचा अर्ज आजच द्यायचा होता आणि निवडणूक कार्यालय पाचला बंद होणार होतं. तीनला तिच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"मावशी, तुह्या कामाची एक गोष्ट सांगतो. पण आधी म्हण, माह्यं नाव कापलं ते चुकलं."

ती तांदूळ निवडत होती. "तू इथं झोपत होता काय?"

"नाही."

"मंग काहून चुकलं गा?"

साडेतीन झाले. मी भाव उतरवला. चुकलं नको, वाईट वाटलं एवढं म्हण. तिनं एक खडा उचलून फेकला.

"वाईट त लय वाटलं. पण चुकलं नाही."

चार वाजले. घाम तिला फुटायला हवा होता, फुटला मला. आयुष्यात पहिल्यांदा फुकटात माल सोडला. यादी तिच्या सुपावर ठेवली. तिनं चष्मा लावला, आपला नंबर शोधला, पुन्हा शोधला. सूप बाजूला सारलं.

"चप्पल घाल," मी म्हटलं.

पाचाला सात मिनिटं कमी असताना अर्ज खिडकीत गेला. कारकुनानं मान वर न करता तिचं नाव पुकारलं.

"आहे," ती म्हणाली. शाळेतल्या पोरीसारखी.

आता वाचनाची सुरुवात ती आपल्याच नावानं करते आणि स्वतःच उत्तर देते. यंदा थकल्यामुळे ती आपल्या ओट्यावरच बसली, आणि तो आवाज ओट्याखालीही उतरला नाही. त्या यादीत माझं नाव नाही, ती येऊही देणार नाही. तरी मी मनीषनगरहून जातो, अगदी पुढे बसतो, आणि तेवढा एक शब्द ऐकू आला की गाडीला किक मारतो.