फ्लोरियन आणि बंबाचा नळ

२ फेब्रुवारी १९७८, गुरुवार. सकाळी बर्फ थांबला. मेणबत्त्यांचा सण. चर्चमधून पेटती मेणबत्ती घेऊन निघाले, कोपऱ्यावरच विझली. दुपारी फ्लोरियनच्या घराला आग लागली. वांदा वाचली.

एवढं लिहून वही मिटता आली असती, पण फ्लोरियन झावाद्स्की एवढ्यात आटोपण्यासारखा माणूस नाही.

वांदा माझी सिस्टरांच्या शाळेपासूनची मैत्रीण. फ्लोरियन तिचा भाचा. आग विझवणाऱ्या संताचं नाव त्याला मिळालं, बाकी काही मिळालं नाही. निवृत्त होईपर्यंत तो नगरपालिकेत फोनवर बसे. बर्फ पडला की लोक विचारत, बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ गाडला गेलाय, कोण उकरणार? फ्लोरियन जपमाळ ओढावी तसं एकच वाक्य म्हणे, "ज्याच्या घरासमोर नळ, त्यानं उकरायचा. नियम आहे."

मग वडिलांचं घर त्याच्याकडे आलं आणि घरासमोर निघाला नळ. त्या दिवसापासून नियम उलटला. "नळ शहराचा, पाणी शहराचं, मग बर्फ माझा कसा?" मी नगरपालिकेत फोन केला. त्याच्या खुर्चीवर आता एक मुलगी बसते. तिनं त्याचंच वाक्य त्याच्याच सुरात मला ऐकवलं.

या आठवड्यात त्यानं गाडीपुरती जागा साफ केली, दुसऱ्या कुणी गाडी लावू नये म्हणून तिथं स्वयंपाकघरातली खुर्ची मांडली आणि उपसलेला सगळा बर्फ नळावर रचला.

"अरे फ्लोरियन," मी म्हटलं, "वर तुझी आत्या अंथरुणाला खिळलेली. काही झालं तर?"

"बाई, तुम्हाला फावड्याची हौस असेल तर चालवा. मी कर भरतो."

वांदाला सांगितलं, तर तीच मला दटावायला लागली. "त्याला डिवचू नकोस गं. जिना उतरता येत नाही मला. जेवण तोच वर आणतो."

आज चर्चमधून ज्योत घरी न्यायची आणि तिच्या काजळीनं दारावर क्रूस काढायचा. मग घराला वीज आणि आग शिवत नाही. बहुतेकांची ज्योत वाटेत विझते. मग इकडेतिकडे बघून ओसरीवर काडी ओढायची. फ्लोरियननं मात्र भोकं पाडलेल्या डब्यात घालून ज्योत जिवंत नेली आणि माझ्या खिडकीखाली थांबून ओरडला, "बघा बाई, विझली नाही!"

खरंच विझली नाही. दारावरच्या क्रूसानं त्याचं समाधान झालं नाही. वांदाच्या खिडकीवरही काढायला गेला आणि लेसचा पडदा पेटला. पडदा ओढून खाली पाडायचा की नाही? हा खाली धावला, फोन करायला. सवय.

बंब लगेच आला. कप्तान ओरडला, "नळ कुठाय?"

फ्लोरियननं ढिगाऱ्याकडे बोट केलं. "खाली आहे. ते शहराचं काम."

"नळ शहराचाच हो," कप्तान म्हणाला, "पण आग कुणाची?"

दोन जवान शिडीवरून वर गेले आणि वांदाला ब्लँकेटमध्ये गुंडाळून खाली आणलं. इकडे आख्खी गल्ली फावडी, तवे, जे हाती लागेल ते घेऊन तो ढिगारा फोडत होती. बर्फ दगडासारखा झाला होता. शेवटी मागच्या रस्त्यावरून पाइप ओढून आणले, तोवर वरचा मजला गेला. पाणी पडलं ते कोळशांवर.

संध्याकाळी वांदा माझ्या कोचावर पडली होती. अंगाला धुराचा वास, पण जीव शाबूत. फ्लोरियन टोपी हातात घेऊन आला. मला वाटलं, माफी मागेल.

"आत्या, उद्या मी शहरावर तक्रार ठोकतो. खालचा मजला ठीक आहे. तुझी खाट तिथं लावतो."

वांदा म्हणाली, "तुझ्याकडे नाही यायची मी. तेओफिला, ठेवशील ना गं मला?"

"हे काय विचारणं झालं?"

"बाई, तुम्हाला झेपणार नाही ते," फ्लोरियन म्हणाला.

"तू तक्रार लिही," मी म्हटलं आणि त्याला दार दाखवलं.

रात्री वांदाला मागची खोली दिली. निळी चादर धुवायची होती, म्हणून पांढरी घातली.