फोटोत दोघं, मग काढला कुणी?

भोरच्या तहसील कचेरीबाहेर एहसानभाईंनी तीस वर्षं टायपिंग केलं. कुणी रडत आला तरी आधी विचारणार, "कागद कुठंय?" आता टायपिंगला कुणी येत नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी नुजहत लग्न होऊन सारोळ्याला. एकटा माणूस घरात करणार तरी काय?

तर एहसानभाई इंटरनेटवरचा एक खुला फोटोसंग्रह सांभाळतात, फुकट. तिथं आपण काढलेला फोटो कुणीही टाकायचा, जगात कुणीही वापरायचा. नव्या लोकांचे फोटो तपासायचं काम यांच्याकडं. व्हॉट्सॲपवरून उचललेला फोटो यांना लगेच कळतो. मग नोटीस. आणि नोटीस गेली की नवा माणूस परत फिरकतच नाही.

नुजहत फोनवर चिडवायची, "अब्बा, तुमी लोकं गोळा करताय का हाकलताय?"

"नियम हाय बेटा."

"मग नियमाशीच गप्पा मारा."

ते हसायचे. पण फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं ना.

मागच्या जानेवारीत वेल्ह्याच्या मालिनीबाई या संग्रहात आल्या, निवृत्त शिक्षिका. आठवड्यात चाळीस फोटो टाकले. भात काढून रिकामी झालेली खाचरं, शाळेची घंटा, सगळे स्वतः काढलेले. आणि बाई उत्तरं द्यायच्या! एकदा तर लिहिलं, "तुम्ही जेवलात का?" एहसानभाई त्या ओळीकडं कितीतरी वेळ बघत बसले. ही बाई टिकली पाहिजे, एवढंच डोक्यात.

मग एक्केचाळिसावा फोटो आला. भाटघर धरणापाशी एक जोडपं, बाईंचा पदर वाऱ्यानं उडालेला. खाली लिहिलेलं, 'मी आणि माझे यजमान आनंद. छायाचित्रकार: मी.'

दोघंही फोटोत, मग काढला कुणी? एहसानभाईंमधली कचेरी जागी झाली. लिहिलं, "छायाचित्रकाराची लेखी परवानगी सात दिवसांत द्यावी, अन्यथा फोटो हटवला जाईल."

"अहो, फोटो आमचाच आहे. सत्तावीस वर्षं आमच्या भिंतीवर आहे."

इकडं सगळे असंच धरून चालतात, फोटोत जो असतो त्याचा फोटो. काढणाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवतं? पण एहसानभाईंनी परत नियमच पाठवला, कलम नंबरासकट.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. "हे गेल्या वर्षी गेले. कुठंतरी कायमचे राहावेत म्हणून इथं ठेवायला आले होते. तुम्ही कागद मागितलात."

त्यानंतर काहीच नाही.

एहसानभाईंनी माफी मागितली, दोनदा. उत्तर नाही. मग तो फोटो मोठा करून करून बघितला, तर कोपऱ्यात पुसट शिक्का, 'सोनबा फोटो, कामथडी'. पाचव्या दिवशी ते एसटीनं कामथडीला.

ऐंशीच्या घरातले सोनबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मोबाईल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "व्हय, म्याच काढलाय. भाटघरला सहली यायच्या तवा कॅमेरा घिऊन तितंच असायचो म्या. हिचा पदर काय ठरंना. नवरा म्हणला, ऱ्हाऊ द्या, असाच काढा."

"सही लागंल बाबा."

"माझी? आजवर कुणी नाव न्हाई इचारलं. आन आता एकदम सही." म्हाताऱ्यानं पहिली सही बिघडवली. "दुसरा कागद द्या," म्हणाला, आणि जीभ बाहेर काढून सावकाश लिहिलं.

फोटो राहिला. खाली नाव आलं, सोनबा. एहसानभाईंनी मालिनीबाईंना कळवलं, यावेळी कलमबिलम काही नाही. आनंदराव पदराबद्दल काय म्हणाले होते तेवढंच लिहिलं.

याला आता चार महिने झाले. वेल्हं काही लांब नाही हो, पण तिथं मालिनी एवढ्याच नावावर कुणाचं दार वाजवायचं? संग्रहात पत्ता नसतो. आणि जाऊन म्हणायचं काय, मी तो कागद मागणारा?

मालिनीबाईंचं संग्रहातलं निरोपांचं पान ते रोज सकाळी चहा ठेवून उघडतात. सगळ्यात खाली अजून एहसानभाईंचाच निरोप आहे.