परीक्षेचा पेशंट

आमच्या वॉर्डात त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. मूळ धंदा घरं रंगवण्याचा. भिंतीतून आवाज येतात म्हणून अकरा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ त्याला इथे घेऊन आला. औषधं लागू पडली आणि तीन वर्षांत आवाज थांबले, ते कायमचेच. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण तेव्हापासून या वॉर्डाची सिस्टर मीच आहे आणि माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा लौकिक आहे. त्या लौकिकाचं काय झालं तेही सांगते.

प्रोफेसर हे नाव शिकाऊ डॉक्टरांनी ठेवलं. दर सहा महिन्यांनी त्यांची परीक्षा असते. प्रत्येकाला एक पेशंट देतात. तासाभरात त्याच्याकडून आजाराची हकीकत काढायची, लिहायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना तोंड द्यायचं. आता खरा आजारी माणूस घड्याळ बघून थोडाच बोलतो? कोणी पांघरूण ओढून घेतो, कोणी डॉक्टरलाच शिव्या घालतो. प्रोफेसर मात्र खुर्ची पुढे ओढून विचारायचा, "पहिल्यापासून सांगू की आवाजांपासून?" रंग ओला असेपर्यंत भिंत गप्प असते, वाळली की नावाने हाक मारते, हे तो असं सांगायचा की अंगावर काटा यायचा. वर हळूच सुचवायचा, "झोपेचं विचारलं नाहीत. परीक्षक ते हमखास विचारतात." त्याच्या जिवावर पास झालेले डॉक्टर आज स्वतःचे दवाखाने थाटून बसलेत. तो तिथेच, खिडकीजवळच्या चौथ्या खाटेवर. बरा झाला तरी घरच्यांच्या सहीशिवाय इथून कोणाला सोडत नाहीत, आणि भाऊ दरवेळी काही ना काही निमित्त काढायचा.

यंदा भाऊ तयार झाला. वहिनीने मागची खोली रिकामी केली. गुरुवारी समितीची बैठक ठरली. तीन मोठे डॉक्टर फाईल बघणार, भाऊ सही करणार, आणि प्रोफेसर घरी. पठ्ठ्याने सोमवारीच पिशवी भरली. मी चिडवलं, "नवरदेवासारखी घाई झालीय तुला." तर म्हणतो, "खोलीला रंग कोणता द्यायचा तेही ठरलंय, सिस्टर. पांढरा."

मंगळवारी परीक्षा होती. त्याच्या वाट्याला आलेली मुलगी आधी दोनदा नापास झालेली. मी त्याला बाजूला घेतलं. "यंदा तू राहू दे. दुसरा कोणीतरी देते तिला."

"शेवटचंच तर आहे," तो म्हणाला. "पोरगी रडकुंडीला आलीय."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. दुसरा पेशंट शोधायची कटकट वाचली.

त्याने जीव ओतून सांगितलं. आवाज अजून येतात का, असं तिने विचारलं तेव्हा नाही म्हटलं असतं तर तिला लिहायला काय उरलं असतं? "कालही आला होता," तो म्हणाला. मुलगी पास झाली. जाताना त्याचे दोन्ही हात धरून रडली.

तिने लिहिलेला कागद माझ्याकडे आला. पेशंटबद्दलचा प्रत्येक कागद त्याच्या फाईलीत लागला पाहिजे हा इथला नियम, आणि नियमांच्या बाबतीत मी पक्की. न वाचता पंचने भोकं पाडली आणि लावून टाकला. असे कितीतरी कागद मी लावले होते. समिती कधी बसलीच नव्हती, म्हणून कोणी ते वाचलेही नव्हते.

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यात वरचाच कागद वाचला. "परवा सांगितलंत, आवाज येतात."

"ते परीक्षेपुरतं होतं, साहेब."

"म्हणजे परीक्षकांशी खोटं बोललात?"

प्रोफेसरने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, मग त्या मुलीची परीक्षाही खोटी धरायची का? आणि तिच्या आधीच्यांची?" समोरच्या तिघांपैकी एक जण प्रोफेसरच्याच हकिकतीवर पास झालेला. त्याने मान वर केली नाही.

भाऊ पेन हातात घेऊन बसला होता. त्याने ते टोपण लावून खिशात ठेवलं. "घरात लहान मुलं आहेत हो," तो म्हणाला. त्याला तरी काय बोलणार? मला राग आला तो माझाच.

पिशवी मीच उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. तो तोंड फिरवून खाटेवर बसला होता. सहा महिने तो कामापुरतं बोलला.

काल पुन्हा परीक्षा झाली. नवा मुलगा समोर बसला. प्रोफेसरने खुर्ची ओढली नाही. "काय त्रास होतो?" मुलाने विचारलं.

"काही नाही. आठ वर्षं झाली, बरा आहे."

मुलाने तासभर घाम गाळला, पण त्याच्याकडून दुसरं काही निघेना. शेवटी त्याने कागद भरला. या वेळी मी वाचला. लिहिलं होतं: आजार आहे हेच मान्य करत नाही, लक्षणं लपवतो.

कागद माझ्या टेबलावर आहे. प्रोफेसरने मघाशी येऊन विचारलं, "या वेळी तरी नीट सांगितलं ना, सिस्टर?"

मी हो म्हटलं. पंच अजून हातातच आहे.