हिरव्या शाईची चिठ्ठी

आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. कुठलाही सुटा भाग करून हवा असेल, तर कागदावर त्याची आकृती काढायची, मापं लिहायची आणि भिंतीवरच्या खिळ्यांच्या रांगेत चिठ्ठी लावायची. डावीकडचा खिळा आधी. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. लेथ चालवणारे मामा म्हणायचे, "नाव दिसलं की हात तिकडंच वळतो. आपल्याला काम दिसलं की बास."

मला हे सगळं थोतांड वाटायचं. कारण माझ्यासोबत पीएच.डी. करणारी पिशोर गावची मुलगी सकाळी चिठ्ठी लावायची आणि दुपारी काम तिच्या हातात. माझं मात्र आठवडा आठवडा लटकलेलं. मी शहरात, क्रांती चौकाजवळ वाढलेली, इंग्रजी शाळेतली. मामांशी बोलायला मला विषयच सुचायचा नाही. ती त्यांच्याशी कापसावर, मक्यावर तासभर बोलायची. वर गाईडही तिचंच कौतुक करायचे. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

त्या आठवड्यात मी घाईत होते, कारण पुढच्या सोमवारी माझं सादरीकरण होतं. रीडिंग नसतील तर प्रगती अहवालावर सही करणार नाही, असं गाईडनी बजावलं होतं. रीडिंगसाठी भट्टीच्या नळीत नमुना धरून ठेवणारा पितळी होल्डर हवा होता. त्याची चिठ्ठी मी डावीकडून दुसऱ्या खिळ्यावर लावून आले होते.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये डोकावले. आत कुणीच नव्हतं. दुसऱ्या खिळ्यावर माझी चिठ्ठी नव्हती. तिथं हिरव्या शाईची होती. हिरवं पेन अख्ख्या विभागात एकटी तीच वापरायची. तिच्यावर काढलेला होल्डरही तसाच, कारण दोघींची भट्टी एकच. माझी चिठ्ठी काढून हिची लावली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती चिठ्ठी उपसून मी रांगेच्या अगदी शेवटी, दुसऱ्या एका चिठ्ठीखाली दडपली आणि तिच्या जागी माझी नवी आकृती अडकवली. तेव्हा कुठं जीव थंड झाला.

शुक्रवारी गेले, तर माझी चिठ्ठी तशीच.

"मामा, तिची कामं होतात, माझंच कसं राहतं?" माझा आवाज चढला होता.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, तुमच्या चिठ्ठीवर नळीचं आतलं माप नाय. मागच्या वेळीबी नव्हतं. तुम्ही तर हिकडं फिरकत नाय. मग त्या पिशोरच्या ताईला चिठ्ठी दाखवली, तिनं तुमचं अक्षर वळखलं. तिनं भट्टीवर जाऊन माप घेतलं, तुमच्यासाठी नवी चिठ्ठी काढली, तुमच्याच खिळ्याला लावली. बुधवारी जेवून आल्यावर करणारच व्हतो. तर ती गायब, अन् पुन्हा बिनमापाची लटकलेली."

"आता करता?"

"आता लेथवर मोठं काम चढलंय. सोमवारशिवाय उतरत नाय."

शेवटच्या खिळ्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी रीडिंगशिवाय उभी राहिले. गाईडनी सही केली नाही. बाहेर जिन्यात ती माझी वाट बघत थांबली होती. तिनं माझा हात हातात घेतला. तिचे डोळे भरलेले बघून, मला अजून आठवतं, आधी तिचा हेवाच वाटला. दुसऱ्यासाठी इतकं सरळ रडणं मला कधी जमलं नव्हतं.

"माझंच चुकलं गं," ती म्हणाली, "चिठ्ठी तुझ्या हातात द्यायला पाहिजे होती. कुणी काढली असंल?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले.